बुडत्यास हात देण्यापूर्वीं

'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण आपण सारे बुडणाऱ्याच्या बाजूनें उच्चारतों. काडीच्या बाजूनें तिचा विचार केलेला आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. ती काडी किती जाड असावी, प्रवाहांत ती किती वेळ तग धरील, आणि घाबरलेल्या माणसानें तिला घट्ट मिठी मारली तर ती त्याच्याबरोबरच तळाशीं जाईल कीं काय, हे प्रश्न म्हणीच्या कर्त्यास पडले नसावेत. आपल्याकडे मात्र ते दर पावसाळ्यांत उभे राहतात. एखाद्या धरणावर, नदीच्या डोहांत किंवा कोंकणच्या किनाऱ्यावर कोणी एक बुडूं लागतो. त्यास वांचविण्यासाठीं त्याचा भाऊ किंवा मित्र उडी घेतो. आणि दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत दोघांचींहि नांवें येतात. आपण हळहळतों, उडी घेणाऱ्याच्या धैर्याची तारीफ करतों आणि पान उलटतों. बुडत्यास धरून पोहण्याची विद्या त्यास कोणीं शिकविली होती काय, हें कोणी विचारीत नाहीं. तसें विचारणें म्हणजे मृताचा अपमान करणें, असें आपल्यास वाटतें.

या प्रश्नाकडे आमचें लक्ष वळलें तें मात्र वर्तमानपत्रामुळें नव्हे, घरांतल्याच एका तंट्यामुळें.

आमची धाकटी बहीण अलिबाग तालुक्यांतील एका घरीं दिली आहे. तिचे सासरे १७ जुलै १९४७ रोजीं 'रामदास' बोटीवर होते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ तुफानी लाटांत कलंडली आणि ६०० हून अधिक माणसें घेऊन बुडाली. ही बातमी मुंबईस पोहोंचण्यासच कित्येक तास लागले. जे थोडे वांचले, ते स्वतःच्या पोहण्यानें आणि मच्छीमारांच्या होड्यांच्या आधारानें वांचले. आमचे मेहुणे तेव्हां सहा महिन्यांचे होते. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता. त्यामुळें त्या घरांत पुढें दिव्यांच्या आवसेस दिवे लागत, पण गोडधोड कांहीं होत नसे. बहिणीच्या सासूबाईंनीं हा नियम अखेरपर्यंत पाळला, आणि त्यांच्या मागें बहीणहि तो पाळीत आली आहे.

अशा घरांतला मुलगा, म्हणजे आमचा भाचा, इंग्लंडांत कॉर्नवॉल परगण्यांतील एका लहान बंदरगांवीं हिशेबनिसाचें काम करतो. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. दोन वर्षांपूर्वीं त्यानें कळविलें कीं, तेथील जीवरक्षक नौकेवर स्वयंसेवक म्हणून आपण नांव दिलें आहे. त्याच रात्रीं बहिणीचा दूरध्वनि आला. "दादा, तुम्ही त्याला सांगा. माझें तो ऐकायचा नाहीं. या घरानें दर्याला एकदां दिलें, तेवढें पुरे झालें."

आम्हीं भाच्यास वडीलकीच्या नात्यानें एक लांबलचक पत्र लिहिलें. त्यानें वाद घातला नाहीं. "मामा, मी अजून कोणाला वांचवायला जात नाहीं, शिकायला जातों," एवढें एक वाक्य लिहून त्यानें सोबत काय काय शिकावें लागतें याची यादी जोडली होती. ती यादी आम्हीं तीन वेळां वाचली. वाचतां वाचतां आमच्या उपदेशाचा सूर बदलत गेला हें खरें.

ज्या संस्थेची ती नौका आहे तिचें नांव रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. आइल ऑफ मॅन या बेटावर राहणारे सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीनें ४ मार्च १८२४ रोजीं ती लंडन येथें स्थापन झाली. हल्लींचें नांव तिला १८५४ सालीं मिळालें. २०२४ सालीं तिला दोनशें वर्षें पूर्ण झालीं. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या किनाऱ्यांवर तिचीं दोनशेंहून अधिक केंद्रें आहेत. हें सरकारी खातें नव्हे. खर्च मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालतो, आणि नौकेवर जाणारांपैकीं बहुतेक जण बिनपगारी असतात. दोन शतकांत या संस्थेनें १,४४,००० हून अधिक जीव वांचविले.

पूर्वीं या नौकांवर जाणारे बहुतेक सारे मच्छीमार आणि खलाशीच असत. क्रोमर गांवचा नामांकित तांडेल हेन्री ब्लॉग हा ५३ वर्षांच्या सेवेंत ८७३ जीव वांचविण्यास कारण झाला. आणि गंमत अशी कीं, त्यास पोहतां येत नव्हतें! अशा माणसास कोण काय शिकविणार? वारा कोठून फिरेल, लाट कोठें फुटेल, दोर केव्हां सैल सोडावा, हें त्यास लहानपणापासून पोटासाठींच शिकावें लागलें होतें. पण आज त्या किनाऱ्यावरची वस्ती बदलली आहे. संस्थाच सांगते कीं, नव्यानें येणाऱ्या दहा स्वयंसेवकांत समुद्रावर पोट भरणारा जेमतेम एक असतो. बाकीचे नऊ शिक्षक, सुतार, दुकानदार किंवा आमच्या भाच्यासारखे हिशेबनीस. जी विद्या पूर्वीं धंद्यांतून आपोआप मिळत असे, ती आतां हेतुपूर्वक शिकवावी लागते.

ती कशी शिकवितात तें पहा. उमेदवार निदान सतरा वर्षांचा असावा, आणि हांक येतांच थोड्या मिनिटांत केंद्रावर पोहोंचेल इतक्या जवळ त्याचें राहणें किंवा काम असावें. त्याची प्रकृति आणि दृष्टि तपासतात. मग सुमारें एक वर्षाची उमेदवारी. या काळांत दर आठवड्यास सराव, आणि शिकलेली प्रत्येक गोष्ट परीक्षकापुढें करून दाखवावयाची. गांठी मारणें, दोर फेकणें, दुसरी बोट ओढून नेणें, समुद्राचा नकाशा वाचणें, बिनतारी यंत्रावर मोजक्या शब्दांत बोलणें, नौकेवरची एकूण एक वस्तु अंधारांत हातानें चांचपून काढणें, अशीं एक ना दोन, कितीतरी कामें. भाचा लिहितो कीं, पहिले कांहीं महिने त्यानें मुख्यतः परत आलेली नौका गोड्या पाण्यानें धुतली! चाळिशीच्या हिशेबनिसास हें काम देणाऱ्या संस्थेविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला. जी वस्तु आपण धुतों, तिचा प्रत्येक खिळा आपल्यास ठाऊक होतो.

पुढें उमेदवारास डॉर्सेट परगण्यांतील पूल नांवाच्या गांवीं संस्थेच्या विद्यालयांत पाठवितात. हें विद्यालय २००४ सालीं सुरू झालें. तेथें २५ मीटर लांबीचा एक खोल हौद आहे. त्यांत यंत्रानें लाटा उठवितात, दिवे मालवितात आणि मेघगर्जनेचा आवाज करतात. त्या काळोखांत उमेदवारानें पुऱ्या पोषाखानिशीं पाण्यांत उडी टाकावयाची, साथीदारांची मोजदाद करावयाची, आणि उलटलेली लहान नौका पुन्हां सुलटी करावयाची. भीति काय असते हें माणसास आधीं, भिंतींच्या आड, कळून चुकावें, हा त्यांतला हेतु.

शुश्रूषेचें शिक्षणहि असेंच व्यवहारी. रोगाचें नांव काय, या भानगडींत पडावयाचें नाहीं; डोळ्यांना जें दिसतें त्यावरून काय करावयाचें तें हातांतल्या कार्डावर पाहून करावयाचें. थंड पाण्यांत बराच वेळ राहिलेल्या माणसास शक्यतों आडवा ठेवूनच वर घ्यावा, कारण एकदम उभा केल्यास त्याचा रक्तदाब कोसळूं शकतो, हें आम्हांस त्या यादीवरूनच कळलें. आपल्यापैकीं कोणीहि अशा माणसास बखोटीं धरून प्रथम उभाच केला असता, आणि तोहि अगदीं प्रेमानें.

कोणी म्हणेल, हिंमत असली म्हणजे हें सारें ओघानेंच येतें. त्यास व्हिट्बी गांवची १८६१ सालची हकीकत सांगावी. ९ फेब्रुवारीच्या वादळांत तेथील जीवरक्षक नौका दिवसभरांत अनेक वेळां समुद्रांत गेली आणि प्रत्येक वेळीं माणसें घेऊन आली. शेवटच्या खेपेस ती उलटली. तेरांपैकीं बारा जण बुडाले. हेन्री फ्रीमन हा एकटा वांचला. त्याच्या अंगांत बुचाच्या लांकडाचें नव्या धर्तीचें जाकीट होतें. इतरांच्या अंगांत तें नव्हतें. हिंमत तेराहि जणांपाशीं सारखीच होती. तेव्हां हिंमतीनें माणूस पाण्यांत जातो. परत येण्यास दुसरें कांहीं लागतें.

परंतु तालमीनें समुद्र बांधला जातो असेंहि कोणीं समजूं नये. भाचा राहतो त्याच परगण्यांत माउसहोल म्हणून गांव आहे. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्रीं 'युनियन स्टार' या जहाजाचें यंत्र बंद पडलें आणि तें खडकांकडे वाहूं लागलें. पेन्ली केंद्राची 'सॉलोमन ब्राउन' ही नौका आठ जण घेऊन निघाली. निघतांना एका खलाशाचा तरुण मुलगाहि बापाशेजारीं येऊन उभा राहिला होता. तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनीं त्यास घेतलें नाहीं. अशा रात्रीं एका घरांतून एकच माणूस, असें त्यांचें म्हणणें. जहाजावरचे आठ आणि नौकेवरचे आठ, असे सोळाहि जण त्या रात्रीं गेले. ते आठ कांहीं नवशिके नव्हते. एक दिवस लोटतो न लोटतो तोंच नव्या पथकास पुरतील इतके स्वयंसेवक त्याच गांवांतून पुढें आले. आणि किनाऱ्यावर ठेवलेला तो मुलगा पुढें त्या केंद्राचा तांडेल झाला.

ही हकीकत बहिणीस सांगावी कीं नाहीं, याचा आम्हीं आठ दिवस विचार केला, आणि सांगितली. अर्धें सत्य सांगून मिळविलेली संमति टिकत नाहीं. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "त्या तांडेलाच्या जागीं दुसरा कोणी असता तर त्या घरांत मागें कोणीच उरलें नसतें."

आमच्या मनांत त्यावरून आपल्या किनाऱ्याचा विचार आला. आपल्याकडे तांडेल कमी नाहींत. 'रामदास'च्या वेळीं धांवले ते मच्छीमारच. २०१८ सालच्या ऑगस्टांत केरळांत महापूर आला तेव्हां आपल्या होड्या मालमोटारींवर घालून गांवोगांव गेले आणि हजारों माणसें बाहेर काढूं शकले तेहि मच्छीमारच. १९७७ सालीं उभें राहिलेलें तटरक्षक दल आपल्यापाशीं आहे, आणि समुद्रावरील संकटाची वर्दी देण्यास १५५४ हा क्रमांक आहे. पण कोळीवाड्यांतलींहि मुलें आतां कचेऱ्यांत जाऊं लागलीं आहेत, आणि त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. मात्र त्यांच्या वाडवडिलांची विद्या त्यांच्याबरोबर कचेरींत जात नाहीं. जी गोष्ट इंग्लंडच्या किनाऱ्यावर झाली ती येथेंहि होणार. मग जें बापाच्या होडींत फुकट मिळत होतें तें कोठेंतरी बसून शिकावें लागेल. निदान किनाऱ्यावरच्या शाळांतून एवढें तरी शिकवावें कीं, कोणी बुडूं लागल्यास प्रथम मोठ्यानें हांक मारावी, दोर, रिकामा डबा, जें तरंगेल तें त्याच्याकडे फेकावें, आणि ज्यास ही विद्या अवगत नाहीं त्यानें पाण्यांत उतरूं नये. यांत भित्रेपणा नाहीं. एकाचे दोन होऊं न देणें हेंहि जीव वांचविणेंच आहे.

भाच्यास आम्हीं शेवटीं लिहिलें तें इतकेंच कीं, वर्ष पुरें होण्यापूर्वीं कोणाच्या आग्रहानें बाहेर पडूं नकोस. बहिणीचें समाधान मात्र एवढ्यानें होण्यासारखें नव्हतें. तिनें ती यादी आमच्याकडून वाचवून घेतली आणि विचारलें, "दादा, यांत एक गोष्ट दिसत नाहीं. अंगांत कसर असली, मन ठिकाणावर नसलें, तर 'आज मी येत नाहीं' असें म्हणायला शिकवितात कीं नाहीं?"

हा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. आम्हीं तो जसाच्या तसा पाठविला. उत्तर आलें, "मामा, आईला सांगा, तें पहिल्याच आठवड्यांत शिकविलें. आणि मी हो म्हटलें तरी मला घ्यायचें कीं नाहीं, हें तांडेल ठरवितो."

त्याची उमेदवारी गेल्या वर्षीं पुरी झाली. तेव्हांपासून तो कांहीं वेळां बाहेर जाऊन आला आहे; किती वेळां, तें तो सांगत नाहीं आणि आम्ही विचारीत नाहीं. बहिणीची भीति गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पूर्वीं दूरध्वनीवर तिचा पहिला प्रश्न "जेवलास का?" असा असे. आतां ती आधीं "या आठवड्याचा सराव झाला का?" असें विचारते, आणि जेवणाची चौकशी मग करते.