टाकी केवढी घ्यायची?

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आधी महिनाभर आमच्या घरात एकच विषय चालला होता. पावसाचं पाणी साठवायला टाकी घ्यायची, हे ठरलं होतं. केवढी घ्यायची, ते काही ठरत नव्हतं.

आमचं घर बेळगावच्या जुन्या वस्तीत. मंगळुरी कौलं, मागे परडं आणि परड्यात आड. तसं हे विहिरींचंच गाव. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे. पुढे राकसकोपचं पाणी नळाला आलं, हिडकलचं आलं, आणि घरोघरचे आड कुणी बुजवले, कुणी कचऱ्यानं भरले. आमचा राहिला तो सासूबाईंमुळे. त्या व्रती. आडाचंच पाणी, तेही दुहेरी फडक्यानं गाळून. गाळून दोन घटका झाल्या की पुन्हा गाळायचं. फडक्यावरची जिवाणी जिथलं पाणी तिथंच सोडायची. त्यासाठी बुडाला कडी असलेली छोटी कळशी आहे. ती पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडून मग हळूच कलती करतात. वरून पाणी ओतलं तर जिवांना मार लागतो.

पण अलीकडे होळी झाली की आड तळ गाठतो. मग सासूबाई धुतलेलं पातळ नेसून दोन गल्ल्या पलीकडे, ओळखीच्या घरी कळशी घेऊन जायच्या. उन्हाळ्यात विहार करत मुनिसंघ आला की घरी चौका लावायचा, आणि चौक्याला विहिरीचंच पाणी हवं. परवाच्या वर्षी अशाच पहाटे त्या घराच्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या. मनगट मोडलं. त्या वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी! प्लास्टर घालून घरी आल्यावर पहिलं काय म्हणाल्या असतील? “कळशी फुटली न्हाई न्हवं?”

तेव्हाच मी म्हटलं, आता पुरे.

दुकानदार म्हणाला, पाच हजार लिटरची काळी टाकी घ्या. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, एकदाच खर्च करा. परड्यात वीस हजारांचा संप खणूया, वर्षाची चिंता मिटली.” मी कागद-पेन्सिल घेतली. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छप्पर सहाशे चौरस फूट, म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच धरला, तरी ५५ हजार लिटर. उडालेलं, सांडलेलं पाचवा हिस्सा वजा केलं, तरी ४४ हजार उरतं! आकडा बघून मलाच हाव सुटली. एवढं पाणी आपण गटारात सोडतो? वीसच काय, तीस हजारांचा संप का नको?

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “छप्पर किती देतंय ते मोजलंस. आपल्याला लागतंय किती ते मोजलंस काय गे?”

मी गप्प झाले. परिग्रहपरिमाण म्हणजे दागिने-जमिनीचं असंच मी समजत होते. पाण्यालाही परिमाण असतं हे मनातच आलं नव्हतं.

मग दुसरा हिशेब मांडला. आम्ही चौघं. प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला २५ लिटर पुष्कळ झालं. नळाला चार दिवस पाणी नाही आलं तर शंभर लिटर. ऐन उन्हाळ्यातले अडीच महिने काढायचे तरी दोन हजार लिटर पुरतं. बाकीचं साठवून करायचं काय? संपात डोकावता येत नाही, तळाचा गाळ काढायला माणूस आत उतरवावा लागतो. जे दिसत नाही ते स्वच्छ कसं ठेवणार?

दोन हजारांची टाकी ठरली. काळी, कारण आत उजेड गेला नाही की शेवाळ धरत नाही. भरली की वजन दोन टन होतं, म्हणून गवंड्याकडून दगडी कट्टा बांधून घेतला. वापराचा नळ तळापासून वीतभर वर, आणि अगदी तळाला गाळ सोडायचं वेगळं तोंड. झाकण घट्ट, आणि पाणी येण्या-जाण्याच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी. आपल्या घरात डासांवर औषध मारवत नाही. मग ते आत जन्मूच नयेत, ही काळजी आधीच घ्यायला हवी. पन्हळीला एक आडवं तोंड ठेवलं. पावसाळ्याचं पहिलं शंभर-सव्वाशे लिटर पाणी, कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येणारं, त्यातून केळीच्या आळ्यात जातं.

यावरही सासूबाईंचा प्रश्न होताच. “त्या पाण्यासंगं मुंग्या, किडे व्हावून जातील, त्यांचं काय?” म्हणून मिरगाच्या आधी आमचे हे शिडी लावून वर चढले आणि मऊ केरसुणीनं कौलं, पन्हळ हलक्या हातानं झाडून घेतली. खाली उभं राहून मी हसत होते. पण पुढे टाकीत गाळ किती कमी बसला ते बघितलं आणि हसणं थांबलं.

संपाचे पैसे वाचले, ते आडाला लावले. गाळ उपसला, कठडा दुरुस्त केला. टाकी भरून वाहायला लागली की पाणी शेजारच्या खड्ड्यात जातं. त्या खड्ड्यात खाली दगड, वर खडी, वर वाळू. तिथून मुरत मुरत जमिनीत जातं. टाकी दोन-तीन चांगल्या पावसांतच भरली. पुढचे चार महिने सगळं पाणी जमिनीला.

टाकीचं पाणी आम्ही गाळून, उकळून वापरतो. सासूबाई ते घेत नाहीत. “टाकी तुमची, आड माझा,” म्हणतात. मी आग्रह करत नाही. त्यांचा नेम त्यांच्यापाशी. मात्र टाकीच्या पाण्याची जिवाणी मी बेसिनमध्ये टाकत नाही. झाकण उघडून तीच कडीची कळशी आत सोडते. नळाच्या पाण्याची जिवाणी कुठं सोडायची, हे वीस वर्षांत मला कुणी सांगू शकलं नव्हतं, आणि मीही विचारायचं सोडून दिलं होतं.

यंदा होळीला आडात तीन हात पाणी होतं. पाडव्यानंतरही पंधरा-वीस दिवस टिकलं. मुरवलेल्या पाण्यामुळे, की गाळ काढल्यामुळे, की परतीचा पाऊस बरा झाला म्हणून, कोण जाणे. एका वर्षावरून काही म्हणू नये. वैशाखात आड आटलाच. पण त्याआधी चैत्रात संघ आला, तेव्हा आमच्या दारात चौका लागला. सासूबाईंनी दुखऱ्या मनगटाला फडकं बांधलं, मला बाजूला सारलं आणि रहाटाला स्वतः हात घातला.

“राहू द्या की आई, मी ओढते,” मी म्हटलं.

“दोर तू धर,” त्या म्हणाल्या. “कळशी मी घेते.”