मितभाषी सोबती

कमी बोलणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून आदर वाटत आला आहे. त्यांच्याबरोबर संसार करणे मात्र कठीण! त्यांचे एक 'हं' म्हणजे होकार, नकार की नुसताच उसासा, हे उमगायला वर्षे जावी लागतात. घरात हा अनुभव मला आहेच. पण भोसरीच्या कारखान्यात माझ्या वाट्याला आलेला सोबती त्याहूनही मितभाषी निघाला. तो म्हणजे सीएनसी मिलिंग यंत्राचा फॅनुक कंट्रोल आणि त्याचा चौकोनी पडदा.

जुन्या मिलिंग यंत्रावर मी अर्धी हयात घालवली. ते यंत्र बोलत नसे, पण कण्हत असे. कटर बोथट झाला की त्याचा आवाज बदले, हँडल हाताला जड लागे. आकड्यांच्या हुकमावर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतल्या एम.आय.टी.त १९५२ साली लोकांना दाखवले गेले. त्याची पणतवंडे आमच्याकडे आली आणि हाताला कळणारी ती भाषा संपली. उरला तो पडदा.

या पडद्याच्या तळाशी एक ओळ असते. नवखे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आणि सारे संभाषण चालते ते तिथेच. 'एम.टी.एन.' दिसले की समजावे, अक्ष सरकतो आहे. 'एफ.आय.एन.' वाचून काम आटोपले असे वाटते; अर्थ मात्र उलटा! टूल बदल, स्पिंडल फिरव, असे काही फर्मावले आहे आणि 'झाले' असा उलट निरोप यायची वाट पाहणे चालले आहे. ती अक्षरे हलेनाशी झाली, की निरोप्या वाटेत कुठे तरी अडकला म्हणून शोधायला निघावे. 'बी.ए.टी.' लुकलुकू लागले, की आठवण जपणारी बॅटरी थकली. ती यंत्राची वीज चालू ठेवूनच बदलायची. नाही तर साऱ्या पाठांतरावर पाणी पडायचे! आणि सांगण्यासारखे काही नसेल, तिथे नुसत्या चांदण्या.

पण या सगळ्यांत मोलाचा आकडा दुसराच आहे. 'डिस्टन्स टू गो' – दिलेल्या हुकमातले किती अंतर अजून जायचे उरले आहे, ते सांगणारा.

आयटीआयतून नुकताच आलेला एक पोरगा आमच्याकडे आहे. एका सकाळी त्याने यंत्र हाती घेतले. रात्रपाळीत टूल बदलले गेले होते. नवे टूल जुन्याहून ९० मिलिमीटर लांब. ऑफसेटच्या तक्त्यात लांबी मात्र जुनीच. पोराने सिंगल ब्लॉक लावला, वेग अगदी उतरवला. टूल सावकाश खाली येऊ लागले. एकाएकी त्याने फीड होल्ड दाबले.

"काका, हा म्हणतोय अजून ऐंशी जायचंय. अन् खाली जागा तर दोनच बोटं दिसतेय!"

मी वाकून पाहिले. पडदा अगदी शांत होता. तांबडे अक्षर नाही, तक्रार नाही. आणखी क्षणभराने टूल जॉबमध्ये घुसले असते आणि स्पिंडलची काय गत झाली असती, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

पडद्याला मी दोष देणार नाही. त्याला सांगितले होते तेच त्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्याला ना टूल दिसते, ना जॉब. दिसतो तो फक्त तक्ता. म्हणून त्याचा आकडा आणि आपला डोळा, दोघांची साक्ष जुळली तरच पुढे जायचे. जुळली नाही, तर आधी थांबायचे आणि मग विचारायचे. नवख्याने यंत्र थांबवले की 'वेळ घालवतोस' म्हणून त्याच्यावर ओरडण्याची आपल्याकडे रीत आहे. तो ओरडा ऐकलेले बोट पुढच्या खेपेस कचरते, आणि कचरायला तिथे सवड नसते. त्या दिवशी मी पोराला चहा पाजला.

दसऱ्याला आम्ही यंत्राला हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. पूजेला माझी ना नाही. मी एवढेच बजावतो, की बाबांनो, हार वर बांधा. खालची ती ओळ झाकू नका.