चढणाऱ्याला वाट

मुळशी तालुक्याची एक गंमत आहे. हिंजवडीचे संगणक उद्यान आणि ताम्हिणीचा घाट ही दोन्ही स्थळे याच एका तालुक्यात मोडतात. एकीकडे काचेच्या इमारती, दुसरीकडे भातखाचरे आणि पावसाळ्यात ढगांत बुडालेले डोंगर, आणि मध्ये धरण. ते धरण ज्या विजेसाठी बांधले ती वीज मुंबईकरिता होती, आणि त्याविरुद्ध १९२१ साली रामनवमीला सुरू झालेला सत्याग्रह सेनापती बापटांच्या नावाने आपणां सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्यांच्या गरजा अंगावर घेण्याची मुळशीला अशी शंभर वर्षांची सवय आहे. अलीकडे तिच्यावर येऊन पडलेली गरज त्या मानाने सौम्य म्हणायची: पुणेकरांचा रविवार.

चांदणी चौकातून निघून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, माले असा ताम्हिणीकडे जाणारा आणि पुढे कोकणात उतरणारा रस्ता या रविवारचे ओझे वाहतो. पहाटे सायकलस्वार निघतात, नऊच्या सुमारास मोटारी निघतात, आणि पावसाळा असेल तर दुपारपर्यंत धबधब्यांच्या आसपास रस्ता असा उरतच नाही. मात्र रविवार हा या रस्त्याचा सातवा हिस्सा. उरलेले सहा दिवस खडीचे डंपर, पिरंगुटच्या कारखान्यांच्या बसगाड्या, दुधाचे कॅन अडकवलेल्या मोटारसायकली, शाळेला निघालेली मुले आणि पाळी संपवून घरी परतणारे कामगार हेच त्याचे खरे धनी असतात.

आम्ही चार मित्र गेली काही वर्षे या रस्त्याने सायकलवर जातो. आमच्यापैकी दोघांना आठवड्याचे पाच दिवस त्याच रस्त्याने मोटारीने कामावर जावे लागते. त्यामुळे ‘सायकलवाले विरुद्ध गाडीवाले’ हा वाद आमच्यात निघाला की तो वाद राहत नाही; रविवारी केलेली तक्रार सोमवारी आपल्याच गळ्यात येते. गाडीवाल्यांचे म्हणणे असे की सायकलवाले रस्त्याच्या कडेने जात नाहीत, मध्येच डुलतात, गप्पा मारत दोन-दोन, तीन-तीन चालवतात. सायकलवाल्यांचे म्हणणे असे की गाड्या अंगाला घासून जातात आणि कानाशी येऊन भोंगा वाजवतात. यांतले जवळजवळ सगळे खरे आहे. तरीही हे दोन अपराध एका तराजूत घालता येत नाहीत, कारण सायकल आणि तिचा स्वार मिळून वजन भरते ऐंशी-नव्वद किलो, साध्या मोटारीचे हजार-बाराशे, आणि भरलेल्या डंपरचे पंचवीस-तीस टन. एकाची चूक दुसऱ्याला त्रास देते, दुसऱ्याची चूक पहिल्याला ठार करते.

मात्र इतकी वर्षे हा रस्ता दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर आमचे असे मत झाले आहे की बहुतेक चालक उर्मट नसतात. सायकल काय करते आहे आणि का करते आहे, हेच त्यांना कळत नाही. ज्याने शाळेनंतर सायकलला हात लावलेला नाही, त्याला ती पुन्हा समजावून सांगावी लागते.

कडेचीच गोष्ट घ्या. सायकल अगदी डाव्या कडेने का जात नाही? रस्त्याचे काँक्रीट किंवा डांबर जिथे संपते, तिथे खाली मुरमाची साइडपट्टी असते आणि दोहोंच्या पातळीत कुठे दोन बोटांचा तर कुठे वीतभर फरक असतो. मोटारीचे चाक खाली उतरले तर धक्का बसतो, इतकेच. सायकलचे अरुंद चाक खाली उतरले आणि स्वाराने ते तिरके वर घ्यायचा प्रयत्न केला, तर चाक त्या धारेला घासत राहते, वर चढत नाही आणि स्वार उजवीकडे, म्हणजे थेट वाहतुकीत, कोसळतो. त्याशिवाय कडेला डंपरमधून सांडलेली खडी असते, पावसाळ्यात वाहून आलेला गाळ असतो, काचा असतात. हे सारे चुकवण्यासाठी शहाणा सायकलस्वार कडेपासून हात-दोन हात आत चालवतो. मागच्या मोटारीतून हे काहीच दिसत नाही. तिथून दिसते ते एवढेच की डावीकडे चांगली मोकळी जागा असून हा गृहस्थ ती वापरत नाही.

डुलण्याचेही तसेच. सायकल तोल सांभाळते ती वेगाच्या जोरावर. सपाटीवर वीस-बावीसच्या वेगाने ती सुतासारखी सरळ जाते. पिरंगुटच्या घाटात तोच वेग सात-आठवर आला की हँडल सतत थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे करावे लागते. हा डुलण्याचा पट्टा हातभर रुंद तरी असतो. अशा वेळी शेजारून मोठी गाडी वेगाने गेली तर तिच्या पुढची हवा आधी सायकलला बाहेर ढकलते आणि गाडी सरकून जाताच मागची पोकळी तिला आत ओढते. स्वार ढकलण्याशी झुंजत उजवीकडे झुकलेला असतो आणि नेमके त्याच क्षणी ओढले जाणे सुरू होते. मागच्या चाकांखाली माणूस कसा जातो, असे विचारणाऱ्यांनी हा क्रम एकदा लक्षात घ्यावा.

म्हणून अनेक देशांनी अंतराचा आकडाच कायद्यात किंवा नियमावलीत घातला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने २०१४ मध्ये ताशी ६० किलोमीटरपर्यंत एक मीटर आणि त्यापुढे दीड मीटर असे अंतर ठरवले. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर केले. इंग्लंडने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या रस्तानियमावलीत दीड मीटर लिहिले. त्याच नियमावलीत आणखी एक साधी, बिनखर्चाची गोष्ट आहे: थांबलेल्या गाडीचे दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडावे. आपल्याकडेही चालक उजवीकडे बसतो. त्याने डाव्या हाताने दार उघडले की अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. ताम्हिणीत धबधबा दिसताच वळणावर गाडी लावून चारी दारे एकदम उघडणाऱ्यांना हे शिकवायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

भोंग्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे त्याचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत होते. मालमोटारींच्या मागे रंगवलेल्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी घातली, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली होती. ती अगदीच अनाठायी नव्हती. घाटातल्या आंधळ्या वळणापूर्वी वाजवलेला भोंगा हे सौजन्यच आहे. ‘मी येतो आहे’ एवढेच तो सांगतो. सायकलच्या मागे शंभर-दीडशे फुटांवरून एकदा हलकेच वाजवला तर तोही उपकार समजावा. पण सायकलच्या मागच्या चाकाशी येऊन वाजवलेला भोंगा वेगळे काही सांगतो, ‘बाजूला हो’ असे. आणि दचकलेला माणूस नेहमी योग्य बाजूलाच जातो असे नाही. दोन्हींमधला फरक आवाजात नाही, अंतरात आहे.

सायकलस्वारांच्या बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे, नाहीतर सोमवारी आम्हांला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कानात गाणी घालून महामार्गावर सायकल चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मागून काय येते हे कळण्याचे सायकलस्वाराजवळ असलेले मुख्य साधन कान हेच. उलट्या दिशेने येण्याने तर अंकगणितच बिघडते. ताशी ५० च्या मोटारीला पुढे २० ने जाणारी सायकल गाठायची तर वेगातला फरक ३० चा. तीच सायकल समोरून आली की तो ७० चा होतो. जोडीने चालवण्याबद्दल मात्र मतभेद आहेत. दहा जणांची रांग एकामागोमाग गेली तर ती ओलांडायला गाडीला फार लांब अंतर लागते, जोडीने गेली तर निम्मे, हा युक्तिवाद रुंद रस्त्यावर खरा आहे. माल्याच्या पुढे धरणाच्या कडेने वळत जाणाऱ्या रस्त्यावर तो खरा नाही. तिथे एकामागे एक जावे, आणि मोठा जथा असेल तर चार-चारचे तुकडे करून मध्ये एक गाडी शिरेल एवढी जागा सोडावी. मागे गाड्या साचल्या की पुढच्या रुंद जागी दोन मिनिटे थांबून त्यांना जाऊ द्यावे. त्या दोन मिनिटांत पाणी पिऊन होते. दोनशे किलोमीटर आणि त्याहून लांबच्या ‘ब्रेव्हे’ करणाऱ्यांना रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट सक्तीचे असते. ती शिस्त इतरांनीही उचलण्यासारखी आहे.

मात्र शिस्तीने सगळे भागत नाही. अवतार सैनी हे इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख; पेंटियम प्रोसेसर घडवणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत नेरूळजवळ सायकल चालवत असताना मागून वेगाने आलेल्या टॅक्सीच्या धडकेने ते गेले. वय ६८. त्यांच्याबरोबर सायकलवर इतर सोबती होते. पहाटेची वेळ, रुंद रस्ता, सोबत, यांतले काहीही मागून येणाऱ्याच्या वेगापुढे कामी आले नाही. त्या बातमीनंतर आमच्यातल्या एकाच्या घरून रविवारचे निघणे दोन महिने बंद होते. घरच्यांचे काय चुकले, हे आम्हांला अजून सांगता आलेले नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. गावोगावची माणसे कडेला उभी होती, पोरे टाळ्या वाजवत होती, जगभरचे सायकलपटू आपल्या भातखाचरांतून गेले. शर्यतीनिमित्त रस्तेही गुळगुळीत झाले. आम्हांला आनंद झाला हे खरेच. पण शर्यतीच्या वेळी रस्ता वाहतुकीला बंद असतो. त्या सायकलींना कुणाच्या सौजन्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी रस्ता खुला झाला. गुळगुळीत रस्त्यावर गाड्या अधिक वेगाने जातात, हे वेगळे सांगायला नको.

घाटाचा एक जुना नियम आहे: अरुंद चढावर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी. केंद्र सरकारच्या १९८९ च्या रस्तानियमांत तो स्पष्ट लिहिलेला होता. त्या नियमांची जागा २०१७ मध्ये नव्या नियमावलीने घेतली, तरी घाटातला रिवाज तोच राहिला. त्यामागचे कारण मोठे समंजस आहे. उतरणारा थांबला तर त्याला पुन्हा निघायला कष्ट नाहीत. चढणारा थांबला तर त्याचा सारा जोर वाया जातो. भरलेल्या मालमोटारीसाठी झालेला हा नियम आमच्या मते सर्वांत जास्त लागू पडतो तो सायकलला. चढात थांबलेली सायकल पुन्हा सुरू करताना ती पहिली दोन-तीन पॅडल किती डळमळीत असतात ते करून पाहावे. जुने एसटीचालक आणि डंपरवाले हे जाणतात असा आमचा अनुभव आहे. ताम्हिणीच्या चढात समोरून येणाऱ्या मालमोटारीने गाडी डोंगराच्या अंगाला दाबून उभी केली आणि चालकाने खिडकीतून नुसता हात हलवला, असे आमच्याबाबत अनेकदा झाले आहे. घाई असते ती नव्या चकचकीत गाड्यांना.

आतापर्यंत आम्ही लिहिले ते हौशी सायकलस्वारांविषयी, ज्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि मागे लुकलुकणारा दिवा असतो. या रस्त्यावर त्यांच्याहून अधिक धोक्यात असलेला एक सायकलवाला आहे आणि त्याच्याविषयी कुणी लिहीत नाही. कारखान्याची रात्रपाळी संपवून किंवा एखाद्या बंगल्याची राखण करून तो अंधारात घरी निघतो. सायकल जुनी काळी, चिखलरोधकावरचा लाल काचेचा तुकडा केव्हाच पडलेला, अंगात गडद स्वेटर. पुणे सायकलींचे शहर होते त्या काळी नगरपालिकेचा बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस सायकलवाल्याला धरत. त्या जाचाच्या गोष्टी जुनी माणसे हसत सांगतात. पण त्या जाचापोटी रस्त्यावरची प्रत्येक सायकल रात्री दिसत असे. आज समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपलेले असताना ताशी ६० ने जाणारा चालक सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे सरकतो, आणि हा माणूस त्याला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

गेल्या वर्षापासून आम्ही पिशवीत लाल चमकणाऱ्या पट्टीची एक गुंडाळी ठेवतो. पिरंगुटपुढच्या चहाच्या टपरीवर पहाटे अशा सायकली उभ्या असतात. मालकाला विचारून मागच्या चिखलरोधकावर वीतभर पट्टी चिकटवतो. बहुतेक जण हो म्हणतात. एका वयस्क राखणदारांनी मात्र आम्हांला थांबवले. “दिवा त्येच्या गाडीला हाय, मंग बघायचं काम बी त्येचंच की,” ते म्हणाले. “काका, बरोबर आहे तुमचं,” आम्ही म्हणालो, कारण दुसरे काही म्हणण्यासारखे नव्हते. चहा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी सायकल आमच्यापुढे आणून उभी केली, पट्टी लावून घेतली आणि निघताना म्हशीच्या शिंगांना लावायला हातभर आणखी मागून घेतली.