पन्नास पावलांच्या आत

तीर्थरूप काकांच्या सेवेशी,



धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणे ही अमेरिकेत आजही परवान्याने चालणारी, ठरावीक ऋतूपुरती मोकळी असणारी आणि सभ्य समाजात उघडपणे बोलली जाणारी गोष्ट आहे, याबद्दल आपल्या मागील पत्रात जे आश्चर्य उमटले होते ते स्वाभाविक आहे; कारण भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चितळ, सांबर किंवा भेकर यांच्यावर शस्त्र उचलणे हा गुन्हा झाला आणि तीरकमठा एक तर क्रीडांगणावर उरला किंवा पुराणात. आपण पंडूच्या शापाचा दाखला दिला आहे, तो मात्र थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. आदिपर्वातील किंदम ऋषी मृगरूपात असताना पंडूच्या बाणांनी घायाळ होतात, परंतु त्यांचा आक्षेप शिकारीवर नसतो. राजांनी मृगया करणे त्यांना मान्यच आहे, आणि ज्या क्षणी बाण सोडला जायला नको होता त्या मीलनाच्या क्षणी तो सोडला गेला, एवढाच त्यांचा दोषारोप आहे. बाण कधी सोडावा यापेक्षा तो कधी सोडू नये हे कळणे, हाच धनुर्धर शिकाऱ्याच्या विद्येचा गाभा आहे, आणि हे समजून घेण्यासाठी कॅलिफोर्नियातील डिअर क्रीकच्या खोऱ्यातली एक सकाळ पुरेशी आहे, जरी त्या सकाळी एकही हरीण पडले नाही.

डिअर क्रीक हा उत्तर कॅलिफोर्नियात, लासेन या ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याच्या बाजूने उतरत सॅक्रामेंटो नदीला मिळणारा ओढा असून त्याच्या दोन्ही बाजूंना लाव्हाच्या खडकांचे उभे कडे, काटेरी झुडपांचे दाट रान आणि ओकची झाडी आहे. १९१४ च्या मे महिन्यात या खोऱ्यात एक लहानशी मंडळी उतरली: कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर व थॉमस वॉटरमन, त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप, पोप यांचा लहान मुलगा, आणि ज्याच्यामुळे ही मोहीम निघाली तो इशी. इशी हा याही नावाच्या आदिवासी जमातीतला, बाहेरच्या जगाला माहीत असलेला शेवटचा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सोन्याच्या शोधात लोटलेल्या वसाहतकऱ्यांनी या जमातीची वारंवार कत्तल केली, उरलेली मोजकी माणसे चाळीसेक वर्षे या कड्यांमध्ये लपून राहिली, आणि १९०८ मध्ये मोजणीदारांच्या एका पथकाला त्यांचा शेवटचा तळ सापडला तेव्हा त्या पथकाने तिथली धनुष्ये, बाण, पांघरुणे असे जगण्याचे साहित्यच उचलून नेले. ज्या माणसाकडून आधुनिक अमेरिकेने हरणाच्या शिकारीचे धडे घेतले त्याच्या आप्तांची शिकार त्याच खोऱ्यात झाली होती, ही गोष्ट त्या सकाळचे वर्णन करताना बाजूला ठेवता येत नाही. इशी या प्रवासाला सुरुवातीला नाखूश होता, आणि ते का हे सांगण्याची गरज नाही. १९११ च्या ऑगस्टअखेर तो ओरोव्हिल गावातील कत्तलखान्याच्या आवारात उपाशी अवस्थेत आढळला होता व तेव्हापासून सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहत होता. इशी म्हणजे त्याच्या लोकांच्या याना भाषेत ‘माणूस’. स्वतःचे नाव परक्याला सांगण्याची रीत त्याच्या लोकांत नसल्यामुळे क्रोबर यांनी त्याला हे नाव दिले.

पोप हे संग्रहालयाशेजारच्या रुग्णालयात काम करीत, इशीच्या प्रकृतीकडे पाहत, आणि त्याच्याकडून धनुर्विद्या शिकत. त्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या नोंदींवरून इशीची शिकारीची सकाळ कशी सुरू होत असे हे तपशिलाने कळते, आणि ध्यानात येते की ती आदल्या दिवशीच सुरू होत असे. त्या दिवशी तो मासे खात नसे व तंबाखू ओढत नसे. पहाटे उठून तो ओढ्यात आंघोळ करी, पुदिन्याच्या कुळातील येर्बा बुएना नावाच्या सुगंधी वेलीची पाने अंगाला चोळी, चूळ भरून पाणी पिई, पण अन्नाला हात लावीत नसे. मग कमरेला एक वस्त्र गुंडाळून, पायांत काहीही न घालता, भाता व धनुष्य घेऊन तो निघे. कपडे झुडपांत आवाज करतात, आणि उघड्या अंगाचा माणूस साहजिकच अधिक जपून चालतो, असे त्याचे सांगणे होते. या आचाराला व्रत म्हणावे की तंत्र, असा प्रश्न एखाद्या अभ्यासकाला पडेल. वस्तुतः ही दोन्ही एकच आहेत, कारण हरणाचा पहिला पहारेकरी त्याचे नाक असते, आणि माशाचा, धुराचा व घामाचा वास झाकण्याची ही व्यवस्था जितकी धार्मिक होती तितकीच व्यवहार्य होती.

इशीचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, लांबीला साडेतीन फुटांच्या आसपास व पाठीवर हरणाच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे चिवट तंतू, चिकटवलेले असे होते. दोरीही त्याच तंतूंची पिळलेली. ते पुरते ओढून धरण्यासाठी सुमारे चाळीस पौंडांचा जोर लागे, जो शिकारीच्या धनुष्याच्या मानाने माफकच म्हटला पाहिजे. बाणाच्या टोकाला ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेचे पाते असे, आणि ते तो हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाब देत, कपची कपची काढत घडवी. धनुष्य तो युरोपीय पद्धतीप्रमाणे उभे न धरता तिरपे धरी, बहुधा उकिडवा बसून बाण सोडी, आणि दोरी बोटांनी न ओढता वाकवलेल्या अंगठ्याने ओढी व मधल्या बोटाचे टोक त्या अंगठ्याच्या नखावर दाबून आधार देई. अंगठ्याने दोरी ओढण्याची ही रीत आशियातही दूरवर पसरलेली होती, आणि एकलव्याकडे द्रोणाचार्यांनी नेमका उजवा अंगठाच का मागितला याचे सर्वांत सरळ उत्तर याच रीतीत आहे. ज्या हाताने दोरी अंगठ्यावर धरायची त्या हाताचा अंगठा गेला की विद्येतले अर्धे मोडते.

डोंगराळ मुलुखात पहाटे वाऱ्याचा एक नियम असतो. रात्रभर थंड झालेली जड हवा उताराने खाली दरीकडे वाहत राहते, आणि ऊन कड्यांवर चढून दगड तापू लागले की तीच हवा उलट वर चढू लागते. त्यामुळे उजाडताना योग्य असलेली जागा दोन तासांनी शिकाऱ्याचा वास थेट हरणाच्या नाकापर्यंत पोहोचवते. इशी वारा तोंडावर घेऊनच हालचाल करी. तो हरणाचा पाठलाग करीत नसे; हरणे पहाटे चरून ज्या वाटांनी झाडीत परततात त्या वाटेवर खडकामागे दबा धरी, किंवा हरणालाच आपल्याकडे यायला लावी. त्यासाठी त्याच्याकडे दोन साधने होती. एक म्हणजे पेंढा भरलेले नराचे डोके, जे स्वतःच्या डोक्यावर बसवून तो झुडपाआडून वरखाली, मागेपुढे असे हलवी आणि कुतूहलाने हरीण जवळ येई. दुसरे म्हणजे मॅड्रोन झाडाचे दुमडलेले पान, जे ओठांत धरून तो पाडसाच्या हाकेसारखा आवाज काढी आणि ती हाक ऐकून मादी येई. या दुसऱ्या साधनाबद्दल आपल्या मनात जे येईल ते रास्तच असेल. आईच्या मायेचा उपयोग तिच्याच मृत्यूसाठी करणारे हे तंत्र आहे, आणि भुकेसाठी मारणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते समजून घेता आले तरी छंदासाठी मारणाऱ्याच्या बाबतीत ते समर्थनीय ठरवणे फार कठीण आहे.

आणि तरीही, इशीच्या सोबतीने केलेल्या शिकारींतून पोप यांना एकही हरीण मिळाले नाही. अनेकदा बाण सोडण्याची संधी आली, परंतु कधी अंतर जास्त निघाले, कधी उतार आड आला, कधी झाडे, आणि हाती राहिले ते फक्त हुकलेले नेम. पोप यांनी याचे कारण प्रांजळपणे लिहून ठेवले आहे: सोबत नवशिक्या होता, आणि गोऱ्या माणसाला वेळ नव्हता. हे कारण फार मोलाचे आहे, कारण त्यातून कळते की इशीच्या विद्येत बाणापेक्षा वेळ हे मोठे हत्यार होते. संग्रहालयाजवळच्या मैदानावर रंगीत वर्तुळांच्या निशाणावर तो सामान्यच ठरे व पोप त्याला सहज मागे टाकीत. मात्र वीस पावलांवरची खार किंवा लावा त्याच्या बाणातून क्वचित सुटे. जनावरांवर तो दहा ते पन्नास यार्डांच्या आतच बाण टाकी. दूरचा नेम लावण्याची त्याला सवय नव्हती, कारण दूर असेपर्यंत शिकार सुरूच झालेली नाही असे त्याचे शास्त्र होते.

हे अंतर एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर बाण जीव कसा घेतो यात आहे. बंदुकीची गोळी धक्क्याने ऊती फाडते; बाण कापतो, आणि जनावर रक्तस्रावाने मरते. फुप्फुसांतून आरपार गेलेल्या तीक्ष्ण पात्याने हरीण काही सेकंदांत कोसळते, पण तोच बाण वीतभर मागे पोटात लागला तर ते कित्येक तास तडफडत राहते. म्हणून बाण लागल्यावरही जाणता शिकारी लगेच उठत नाही; निदान अर्धा तास जागेवर थांबतो, कारण पाठलाग झाला नाही तर जखमी हरीण जवळच कुठे तरी बसते आणि हुसकावले तर मैलोन्मैल जाते. मग रक्ताचा माग वाचायचा असतो: फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाचे, गडद रक्त यकृताचे, आणि त्यात चाऱ्याचा हिरवटपणा मिसळला असेल तर पोटाची जखम, ज्यासाठी अनेक तास थांबणे भाग असते. पुष्कळशी जखमी हरणे हाती लागतच नाहीत, आणि या प्रकारच्या शिकारीवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. त्याला अंतर कमी ठेवण्याखेरीज दुसरे खरे उत्तर नाही.

पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि इशीची विद्या त्यातून देशभर गेली. तोपर्यंत इशी हयात नव्हता, क्षयाने १९१६ च्या मार्चमध्ये त्याचा अंत झाला होता. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने फक्त धनुर्धरांसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम दिला आणि हळूहळू इतर राज्यांनी तो मार्ग घेतला. ज्या वर्षी भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला त्याच १९७२ मध्ये अमेरिकेने धनुष्यबाणांच्या विक्रीवरचा कर वन्यजीवांच्या निधीकडे वळवला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. दोन्ही देशांनी आपापल्या परिस्थितीला उत्तर दिले: भारतात हरणे व त्यांच्यावर जगणारे वाघ दोन्ही संपत चालले होते, तर अमेरिकेत लांडगे आणि प्यूमा आधीच बहुतेक ठिकाणांहून नाहीसे केले गेल्याने हरणांची संख्या आवरणारा माणसाखेरीज कोणी उरला नव्हता. या फरकामुळे तिकडच्या शिकाऱ्याला दोषी ठरवणे जितके घाईचे, तितकेच त्याचा दाखला देऊन इकडे शिकार पुन्हा मोकळी करण्याची मागणी करणे चुकीचे आहे.

राहिला प्रश्न आजच्या धनुष्याचा. मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये ज्याचे पेटंट मिळाले ते चाकांचे धनुष्य, ज्याला तिकडे कंपाउंड बो म्हणतात, पुरते ओढल्यावर हातावरचा भार निम्म्याहूनही कमी करते, त्यामुळे शिकारी ते बराच वेळ ओढून धरू शकतो, आणि त्याचा बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो. परंतु ध्वनी सेकंदाला अकराशे फूट जातो. तीस यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या जवळजवळ पाव सेकंद आधी ऐकू येतो, आणि सावध हरणाला पाय वाकवून पळण्याचा पवित्रा घ्यायला एवढा वेळ पुरतो, म्हणजे ज्या फुप्फुसावर नेम धरला होता ते बाण पोहोचेपर्यंत त्या जागी नसते. अंतर दुप्पट केले की हा वेळही दुप्पट होतो. दुर्बिणीचे नेमयंत्र, लेसरने अंतर मोजणारे उपकरण आणि अधिकाधिक वेगवान बाण यांच्या भरवशावर सत्तर-ऐंशी यार्डांवरून हरीण टिपण्याची जी हौस अलीकडे वाढली आहे, तिला धनुर्विद्येतली प्रगती म्हणणे योग्य होणार नाही. यंत्राने बाणाचा वेग वाढला, हरणाचे कान होते तिथेच आहेत, आणि चुकीची किंमत हरीणच भरते. परवाना देताना नेमबाजीइतकीच जवळ जाण्याची परीक्षा घेतली जावी आणि अंतराची मर्यादा नियमातच लिहिली जावी, ही मागणी खुद्द धनुर्धरांतूनच पुढे यायला हवी.

पोप यांच्या पुस्तकाचा मजकूर आपल्याला वाचायचा असल्यास तो पाठवण्याची व्यवस्था होईल. काकूंना साष्टांग नमस्कार सांगावा. प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
पुतण्या