शनिवार सोडा, गुरुवारी भेटा!

ड्रिंक्स काय, कुठेही मिळतात. पण समोर स्टेजवर कुणीतरी खरंखुरं वाजवतंय, गातंय, अशी संध्याकाळ मुंबईत कुठे शोधायची? कुलाब्यापासून वांद्र्यापर्यंतची ही सुरेल सफर.

'वीकएण्डचा प्लॅन काय?' बुधवार उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर हा मेसेज पडतोच. उत्तरही ठरलेलं. शनिवारी रात्री, लोअर परळ. मग काय, अर्धा तास रांगेत उभं राहायचं, आत शिरल्यावर स्पीकरच्या भिंतीसमोर खाणाखुणांनी गप्पा मारायच्या आणि बिल आलं की एकमेकांकडे बघायचं! बाहेरच्या बोर्डवर 'लाइव्ह म्युझिक' लिहिलेलं असतं, पण आत असतो लॅपटॉप आणि हेडफोन घातलेला एक डीजे.

डीजेशी आपलं काही वाकडं नाही. पण हिशेब समजून घ्या. डीजे एकटा येतो. बँड म्हणजे चार-पाच माणसं, ड्रम्स, अ‍ॅम्प्स, साउंड इंजिनीअर, दुपारपासून साउंडचेक आणि सामान आणायला टेम्पो. शनिवारी गर्दी तशीही येणारच असते, मग मालक बँडवर खर्च कशाला करेल? त्यामुळे शहरातले बरेच चांगले गिग्ज मंगळवार ते गुरुवारच्या मधेच लागतात, जेव्हा रिकामी टेबलं भरायला काहीतरी कारण हवं असतं. म्हणजे ऑफिसवाल्यांसाठी सगळ्यात गैरसोयीच्या दिवशी! पण बॉस, गाणं ऐकायचं असेल तर हाच दिवस पकडा. टेबल मिळतं, स्टेज दिसतं, आणि गिटारवाला ब्रेकमध्ये तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो.

चर्चगेटचा सुवर्णकाळ

सुरुवात अर्थातच दक्षिण मुंबईतून. आज ज्याला आपण वीर नरिमन रोड म्हणतो, ती जुनी चर्चगेट स्ट्रीट. पन्नास-साठच्या दशकात इथे एकामागोमाग एक रेस्तराँ होती आणि त्यांच्यात संध्याकाळी बँड वाजायचे. त्याची मुळं आणखी मागे जातात. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडलीडर आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईला जॅझचं वेड लागलं. ते वेड पुढे नेलं गोव्याच्या पोरांनी. चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा फिल्म स्टुडिओत.

त्यातला हिरो म्हणजे चिक चॉकलेट! खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आपल्या सी. रामचंद्रांनी, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांनी, १९५१ च्या 'अलबेला'त जे पाय थिरकवणारं संगीत दिलं, त्यात या चिकचा मोठा वाटा होता. तेव्हा पुढच्या वेळी लग्नाच्या हळदीत 'अलबेला'ची गाणी लागली तर लक्षात ठेवा, तुम्ही मुंबईच्या जॅझवर नाचताय.

आणखी एक जोडी याच रस्त्याची. ख्रिस पेरी आणि लॉर्ना. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ख्रिसचा बँड वाजायचा. कोकणी गाण्यांना नवा चेहरा देणारी ही जोडी इथल्या नाइटक्लबांमधूनच घडली. २०१४ मध्ये आलेला 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा त्यांच्याच गोष्टीवर बेतलेला. नसेल पाहिला तर जरूर पाहा.

आणि गंमत म्हणजे यातला बराच काळ मुंबईत दारूबंदी होती! १९४९ च्या कायद्याने पिणं गुन्हा ठरलं होतं. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. बारवर आजही 'परमिट रूम' अशी पाटी दिसते ती त्याच काळाची आठवण. नियमाप्रमाणे आजही प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा!

आज त्या रस्त्यावर १९५६ पासूनचं 'गेलॉर्ड' उभं आहे. बाहेरच्या टेबलावर बसा, बेकरीतलं काहीतरी मागवा आणि हा सगळा रस्ता ट्रम्पेटने भरलेला असेल अशी कल्पना करा. मग कुलाबा कॉजवेला 'मोंडेगार'मध्ये बिअर. बँड नाही, पण ज्यूकबॉक्स आहे आणि भिंतभर मारिओ मिरांडाची चित्रं आहेत. वॉर्म-अप म्हणून एकदम सही.

रंगभवनचं काय झालं?

चर्चगेटहून चालत पंधरा-वीस मिनिटांवर धोबीतलाव. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं रंगभवन तुमच्या काका-मामांना विचारा, डोळे चमकतील. १९७८ मध्ये इथे पहिली 'जॅझ यात्रा' भरली, त्यात सॅक्सोफोनचा बादशहा सॉनी रोलिन्स वाजवून गेला. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'साठी इथेच कॉलेजच्या पोरांची झुंबड उडायची. उघड्यावरचं थिएटर, वर आकाश, तिकीट परवडणारं.

मग आले २००० चे ध्वनिप्रदूषण नियम. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. रंगभवन नेमकं कॉलेज आणि हॉस्पिटलांच्या मधोमध. मैफली थांबल्या. नियम चुकीचा आहे असं म्हणवत नाही, शेजारच्या वॉर्डात पेशंट झोपलेला असतो. पण त्याच नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे स्पीकर बंद झाले आणि शहरातलं लाइव्ह म्युझिक बंद दाराआड, म्हणजे बारमध्ये गेलं. तिथे टेबलाचं भाडं निघायला हवं. स्वस्तातलं तिकीट काढून नुसतं ऐकायला येणारा विद्यार्थी तिथेच गळाला.

गिरणीत गिटार

बंद दार आणि मोठी जागा, दोन्ही एकदम कुठे मिळणार? गिरणगावात. जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि बहुतेकांचं काम कायमचं गेलं. गिरण्यांची आवारं ओस पडली. जिथे एकेकाळी भजनी मंडळं आणि शाहिरांचे डफ ऐकू यायचे, तिथे दोन दशकांनी काचेची ऑफिसं आली आणि त्यांच्या मागोमाग पब.

डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 'ब्लू फ्रॉग' उघडलं आणि मुंबईच्या म्युझिक सीनचं गणितच बदललं. गोदामासारखी उंच जागा, स्टेजभोवती वेगवेगळ्या उंचीवर गोल-गोल बैठका. कुठेही बसा, नजर स्टेजकडेच. आवाज इतका स्वच्छ की कुजबुजणारा माणूसच ओशाळावा. इथे बँड शोभेला नव्हता, मुख्य डिश होता. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या पोरांना वाटलं, आपलंही काहीतरी होऊ शकतं.

ऑगस्ट २०१६ मध्ये 'ब्लू फ्रॉग'चा मुंबईतला मुक्काम संपला. गिरणगावात भाडी चढत राहिली होती, आणि गाणं ऐकताना माणूस दोनच ड्रिंक्स घेतो, नाचताना चार! संगीतावर चालणाऱ्या कुठल्याही जागेला हे कोडं सुटत नाही.

गिरणगावाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल कंपाउंडमधल्या रूफटॉप पबमध्ये आग लागली आणि १४ जण गेले. आपल्याच वयाचे, पार्टीला आलेले. तेव्हापासून कुठेही आत शिरलो की माझी पहिली नजर स्टेजकडे नाही, बाहेर पडायच्या दाराकडे जाते. तुम्हीही लावून घ्या ही सवय.

आज या पट्ट्यात गिग ऐकायचा तर मथुरादास मिल कंपाउंडमधलंच 'अँटीसोशल' गाठा. रॉक, हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक, काहीही लागलेलं असतं. महालक्ष्मीला लक्ष्मी मिल इस्टेटमधलं 'जी-फाइव्ह-ए' त्याहून शांत. छोटं ब्लॅक बॉक्स थिएटर, मोजके प्रेक्षक, आणि ऐकणारी माणसं.

वांद्रे आणि पुढे

वांद्र्याचं संगीत पबमध्ये जन्मलेलं नाही. ते ईस्ट इंडियन आणि गोवन घरांतलं, चर्चच्या कॉयरमधलं, लग्नाच्या बँडमधलं. म्हणून इथे कुठल्याही टेबलावर एक तरी माणूस हार्मनी पकडणारा निघतोच. पाली हिलचं 'टोटोज गराज' जुन्या रॉकसाठी प्रसिद्ध. बारच्या डोक्यावर चक्क बीटल गाडी! बँड नसतो, पण रात्री अकराला सगळा बार एका सुरात गायला लागला की बँड हवाय कुणाला?

मोठा डोस हवा असेल तर फेब्रुवारीची वाट बघा. १९५४ च्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्र ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला. पहिल्याच वर्षी बडी गाय आला होता. आणि नोव्हेंबरच्या सुमारास नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत जॅझ फेस्टिव्हल असतो. तिथे ग्लास बाहेर, कान आत!

अंधेरीच्या एका पबमधला प्रसंग सांगते. चौघांचा बँड, स्वतःची गाणी, त्यातलं एक मराठी. तिसऱ्या गाण्याला मॅनेजर स्टेजपाशी आला. मॅचच्या शेवटच्या ओव्हर्स होत्या, आवाज कमी करा म्हणाला. पोरांनी मुकाट्याने केला. स्टेजसमोर टीव्ही, टीव्हीकडे तोंड करून आम्ही चाळीस जण. मॅच संपेपर्यंत ती चौघं टाळ्यांशिवाय वाजवत राहिली. आजूबाजूच्या टेबलांवरच्या एकालाही बँडचं नाव माहीत नव्हतं.

ज्याला आपण गिग म्हणत नाही

आणि एक पत्ता, जो कुठल्याच 'टॉप टेन'मध्ये येत नाही. ऑर्केस्ट्रा बार. चेंबूर, दादर, अंधेरी, मुलुंड... कीबोर्ड, ऑक्टोपॅड, माइक, आणि किशोर-लता-आशाची फर्माइश. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली आणि त्यातून सावरत अनेक जागा गाण्यावर चालू लागल्या. परवान्यात अट होती, स्टेजवर चार पुरुष आणि चारच बायका. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही वाटणी रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, पण आता त्यात किती बायका आणि किती पुरुष हे सरकार ठरवू शकत नाही.

वातावरण सगळ्यांना मानवेल असं नाही. गिऱ्हाईक बहुतेक पुरुष, मुलींना तिथे मोकळं वाटणं कठीण, आणि नोटा उधळायची जुनी खोड कुठे कुठे शिल्लक आहे. पण एवढं कबूल करायला हवं की वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी स्टेजवर उभं राहून घर चालवणारे गायक-वादक या शहरात प्रामुख्याने इथेच आहेत. आपल्या कूल पबना ते अजून जमलेलं नाही.

ते जमायचं असेल तर थोडं आपल्यालाही करावं लागेल. तीन हजारांच्या बिलावर न कुरकुरणारे आपण, पाचशेच्या तिकिटाला मात्र 'गेस्ट लिस्टवर नाव टाक ना यार' म्हणतो. नका म्हणू. ज्या जागी ऐकणारे टिकतात, तिथेच वाजवणारे टिकतात.

निघण्यापूर्वी एवढं बघा

• कव्हर की तिकीट? 'रिडीमेबल कव्हर' म्हणजे ते पैसे तुमच्या खाण्यापिण्यातून वळते होतात. बँडपर्यंत काही पोचावं असं वाटत असेल तर तिकिटाचा गिग निवडा.

• वय. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, हार्ड ड्रिंक्ससाठी २५ पूर्ण हवीत. ओळखपत्र जवळ ठेवा.

• शेवटची गाडी. बार दीडपर्यंत चालतो, लोकल नाही. सीएसएमटीहून शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, चर्चगेटहून एकच्या सुमारास. कल्याण-डोंबिवलीकरांनो, पहिला सेट चुकवू नका!

• स्टेअरिंग नको. दारू पिऊन पहिल्यांदा पकडलं गेलं तरी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चौघांत टॅक्सी केव्हाही स्वस्त.

• ड्राय डे. २ ऑक्टोबर आणि निवडणुकांचे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा.

• आणि शेवटचं. गाणं संपलं की टाळ्या वाजवा आणि बँडचं नाव विचारून घ्या. पुढच्या गुरुवारी तेच कुठे वाजवणार आहेत, हे तुम्हाला त्यांच्याइतकं नीट कुणीच सांगणार नाही.