लाइन कुठे तुटली, ते कळायचं

कोकणातल्या गावातून मुंबईला फोन करायचा तर एके काळी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, एवढंच पोस्टमास्तर विचारत. लाइटनिंगचा दर ऑर्डिनरीच्या आठपट. तो शब्द कानावर पडला की बाकावरची माणसं गप्प होत. कुणाच्या तरी घरी काहीतरी घडलेलं असे. पावसाळ्यात दुपारची संध्याकाळ झाली तरी कॉल लागत नसे. पण का लागत नाही, ते कळे. ऑपरेटर पुढच्या एक्स्चेंजला विचारून सांगत, “महाडच्या पुढे लाइन डाऊन आहे. लाइनमन निघालेत, उद्या सकाळी बघा.”

तो लाइनमन साऱ्या पंचक्रोशीच्या ओळखीचा. खांद्यावर तारेचं वेटोळं, कमरेला पक्कड, पायांत चिखलाने माखलेल्या चपला. खांबावर चढायचा, टेस्ट फोन जोडून एक्स्चेंजशी बोलायचा आणि खाली जमलेल्यांना तिथूनच ओरडून निरोप द्यायचा. गावात फोन मोजकेच, पी.पी. नंबरवर, म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवर, अख्ख्या वाडीची खुशाली यायची. पुढे घरोघरी फोन आले, तेव्हा वीज गेली तरी डायल टोन येई, कारण लाइनला वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून मिळे. फोन बिघडला तर १९८ फिरवायचं आणि तक्रारीचा नंबर कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा.

ते दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झालं. दोन्ही वेळा दूरच्या नातेवाइकांनी रेडिओला कान लावून घालमेलीत दिवस काढले. आज खिशातल्या फोनवर आईचा चेहरा दिसतो, वादळाचा इशारा आधी येतो. हे सुख फार मोठं आहे.

पण ते सुख संकटात कसं टिकतं, हे आपण पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतले मोबाइल मुके झाले. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. माड, पोफळी, आंबे मुळासकट उपटले गेले, विजेचे खांब आडवे झाले. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात, मग डिझेल जनरेटर लागतो. रस्ते झाडांनी अडलेले, डिझेल पोचणार कसं? फायबरही जागोजागी तुटलेली. वर लॉकडाऊन, त्यामुळे चाकरमान्यांना गावी धाव घेता येईना. आम्ही कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावत राहिलो. टॉवर कधी सुरू होणार, कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी वाडीतला एक मुलगा मोटारसायकल काढून रेंज मिळेपर्यंत घाट चढला आणि घराघरांतून लिहून आणलेली नावं त्याने एका मेसेजमध्ये पाठवली: “हे सगळे सुखरूप.” आमच्या काकूंचं नाव त्यात वाचलं तेव्हा घरात सगळे रडले.

फोन बंद पडला याचं दुःख नाही. तो बंद आहे हे कुणी मोजून, मान्य करून सांगत नाही, याचं आहे. अमेरिकेत ‘कतरिना’ वादळानंतर, २००७ मध्ये, दूरसंचार आयोगाने आपत्तीत बंद पडलेल्या सेवेची रोजची नोंद सुरू केली. २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळानंतर पोर्टो रिकोतले ९५ टक्क्यांहून अधिक टॉवर बंद असल्याचं जगाला त्या नोंदीतूनच कळलं. ही नोंद आधी ऐच्छिक होती. २०२४ मध्ये आयोगाने ती कंपन्यांना सक्तीची करण्याचा निर्णय घेतला.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली. आपत्तीत सेवा ताब्यात घेण्याचा, महत्त्वाच्या संदेशांना अग्रक्रम देण्याचा अधिकार सरकारला त्यात आहे. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे एखाद्या जिल्ह्यातली सेवा सलग ४ तासांहून जास्त बंद राहिली तर कंपनीने २४ तासांत ‘ट्राय’ला कळवायचं असतं. ही सुरुवात चांगली आहे. पण जिल्हा हे माप फार मोठं आहे. अलिबागला रेंज असेल आणि त्याच जिल्ह्यातले श्रीवर्धन, म्हसळा अंधारात असतील, तर त्या अंधाराची नोंद कुठे होणार? कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो; त्यात रेंज कुठे असते ते दिसतं, आज कुठे गेली आहे ते दिसत नाही. आणि दीर्घकाळ सेवा बंद राहिल्यास ग्राहकाला मिळणारी सवलत नैसर्गिक आपत्तीत लागू होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. आपत्ती जाहीर झाली की प्रत्येक कंपनीने तालुकावार किती टॉवर बंद, कशामुळे बंद आणि कधी सुरू होतील, हे रोज जाहीर करावं, आणि ते कायद्याने सक्तीचं असावं. त्यातून डिझेलचा टँकर आधी कुठे पाठवायचा हे तहसीलदाराला कळेल, रुग्णवाहिका बोलावता येत नाही अशी गावं कोणती हे जिल्हा नियंत्रण कक्षाला कळेल, आणि आईचा फोन का लागत नाही हे मुंबईतल्या मुलीला कळेल. नियमात एवढी दुरुस्ती व्हायलाच हवी, आणि ती पुढच्या पावसाळ्याआधी व्हावी.