निर्धाव षटके

खेळातील पराक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उडालेली यष्टी किंवा सीमापार गेलेला चेंडू उभा राहतो. ज्याने एकही गडी बाद केला नाही, त्याच्या गोलंदाजीला कोणी पराक्रम म्हणेल का? नाशिक येथे १९३३ साली जन्मलेल्या बापू नाडकर्णी यांनी असा एक पराक्रम करून ठेविला आहे.

१९६४ च्या जानेवारीत मद्रास येथे भारत व इंग्लंड यांचा कसोटी सामना झाला. बापू हे डावखुरे फिरकी गोलंदाज. इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांनी ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव ठरली. धावा दिल्या अवघ्या ५. बळी मात्र एकही नाही. त्यांतील २१ निर्धाव षटके लागोपाठची होती. सलग १३१ चेंडूंवर फलंदाजांना एक धावही घेता आली नाही.

कोणी म्हणेल, यात काय मोठेसे? चेंडू फलंदाजापासून दूर टाकीत राहिले म्हणजे झाले! पण खेळाचे नियम ही पळवाट ठेवीत नाहीत. चेंडू फलंदाजाच्या आवाक्याबाहेर गेला की पंच दोन्ही बाहू पसरतात आणि प्रतिपक्षाला एक धाव आयती मिळते. चेंडू आवाक्यात तर हवा, पण फटका मारण्याजोगा नको. अशी एवढीशी जागा गोलंदाजाने प्रत्येक वेळी साधायची. बापू सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकीत, असे सांगतात.

दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफील्ड यांनी १९५७ साली डर्बन येथे लागोपाठ १३७ चेंडूंवर धाव दिली नव्हती. चेंडूंच्या संख्येने तो विक्रम मोठा. परंतु तेथे त्या वेळी षटक आठ चेंडूंचे असे. षटक म्हणजे सहांचा समूह. तेथे ते आठांचे! म्हणून लागोपाठच्या निर्धाव षटकांचा मान बापूंकडे जातो. अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात तर १९५६ साली डॉन लार्सन यांनी जागतिक मालिकेच्या एका सामन्यात ओळीने २७ फलंदाज बाद केले; एकालाही पहिल्या थांब्यावर पोहोचू दिले नाही. नियम निराळे, पण नेमकेपणाची साधना तीच.

आमच्या नाटे गावी भातकापणी झाली की मोकळ्या मळ्यांत मुलांचे डाव रंगतात. जो तो त्रिफळा उडविण्यास उतावीळ. वेगाच्या हव्यासापायी चेंडू भलतीकडे जातो आणि आयत्या धावा वाढतात. दुसऱ्या टोकाकडून एखादा मुलगा मुकाट्याने सरळ चेंडू टाकीत असतो. त्याच्यापुढे अडकलेला फलंदाज या टोकाला येऊन घाई करतो व बाद होतो. संध्याकाळी घरी परतताना नाव निघते ते बळी घेणाऱ्याचे.

मद्रासचा तो सामना अनिर्णित राहिला. तेव्हा बापूंच्या निर्धाव षटकांनी विजय मिळवून दिला, असे म्हणता येणार नाही. पण प्रतिपक्षाला एक धावही फुकट न देणे, हे गोलंदाजाचे पहिले कर्तव्य त्यांनी तासन्‌तास पाळले. मुलांनो, तुम्ही धावांची वही लिहिता, तेव्हा बळींच्या रकान्याशेजारी निर्धाव षटकांचाही एक रकाना आखा, आणि तो न विसरता भरा.